बारक्याचा दुसरा पेला

"औषध म्हणाल तर मी कुठलंच घेत नाही," बारक्या म्हणाला. गेल्या खेपेलाही त्यानं याच खुर्चीत बसून हेच सांगितलं होतं, आणि तेव्हा ते डॉक्टरीणबाईंना पटलंही होतं.

आज पटत नव्हतं. त्यांच्या टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेले होते, एक जुना आणि एक कालचा. बारक्याशेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीला, मधलीला, ते उलटे दिसत होते, पण पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सगळं आयुष्य आकड्यांचे रकाने वाचण्यात गेल्यामुळे तिला उलटेही वाचता येत होते. यकृताच्या पेशी फुटायला लागल्या की जी द्रव्यं रक्तात उतरतात, त्यांचे ते आकडे. जुन्या रिपोर्टात ते सगळे शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी होते. कालच्या रिपोर्टात जागाच सोडून उठले होते.

"दारू?"

"आमच्या घरात बाटली येत नाही."

"घराबाहेर?"

"बाहेरही नाही. आमच्या अप्पांनी आमच्या वाटची पिऊन ठेवलीय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काविळीच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत. दुखण्यावरच्या गोळ्या? व्यायामवाले घेतात ती पावडर?"

"मी दिवसभर पंपाच्या मोटारी उचलतो. वर आणखी व्यायाम कशाला करू?"

"काही झाडपाल्याचं? वनस्पतींचं?"

बारक्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मधलीनं त्याच्याकडे बघितलं. आणि तो शब्द त्याच्या तोंडून यायच्या आतच तिला कळला.

"तसं आईचं घेतो," तो म्हणाला. "पण ते औषध थोडंच आहे?"

"आईचं म्हणजे काय?"

"आईचं म्हणजे... आम्ही सगळेच घेतो."

हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड होतं. थोरला भाऊ, दादा, पाच-सहा वर्षांचा असताना कसल्याशा तापानं महिनाभर अंथरुणाला खिळला होता, आणि कडू औषध बघितलं की दातखीळ बसल्यासारखा ओठ मिटून घ्यायचा. आईनं धाक घातला, साखर दाखवली, नाक दाबून बघितलं. शेवटी एक दिवस तिनं घरातल्या सगळ्यांना ओळीनं बसवलं, अप्पांनासुद्धा, आणि प्रत्येकाच्या हातात तेच कडूजहर पाणी दिलं. सगळे प्यायले. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. ती तोंडं बघून दादा हसला, आणि हसता हसता प्यायला. तेव्हापासून या घरात एकट्यानं कडू प्यायचं नाही असं ठरून गेलं. बारक्याच्या गोवराच्या वेळी सगळे प्यायले, मधलीच्या बाळंतपणानंतर सगळे प्यायले, लग्न होऊन आलेल्या दोन्ही सुनांनी आल्या वर्षीच ते प्यायलं आणि त्या दिवशी आपण खऱ्या अर्थानं या घरात आलो, असं बारक्याची बायको, धाकटी, अजून सांगते.

त्यामुळे दादाच्या यकृताचं कळलं, पोटात पाणी भरलं, डोळे पिवळे झाले, आणि कुणीतरी आईला यकृत सुधारणाऱ्या वनस्पतींच्या कॅप्सूलची हिरव्या झाकणाची बरणी सुचवली, तेव्हा त्या एकट्या दादासाठी आल्या नाहीत. आई संध्याकाळी कॅप्सूल उघडायची, आतली भुकटी कोमट पाण्यात कालवायची आणि जेवणाआधी सगळ्यांपुढे पेले ठेवायची.

डॉक्टरीणबाईंनी बरणीवर काय लिहिलंय ते विचारलं. बारक्याला माहीत नव्हतं. मधलीला होतं. तिनं माहेरी गेल्यावर ते वाचलं होतं.

"हिरव्या चहाचा अर्क. हळदीचा अर्क, मिऱ्याचा अर्क. आणखी पाच-सात वनस्पती."

"किती घेत होता तुम्ही?"

"एक पेला," बारक्या म्हणाला. "ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर दोन."

"दोन का?"

"दादाला अर्धं यकृत द्यायचंय ना. दिलेलं आणि उरलेलं, दोन्ही भक्कम हवं, असं आई..." तो थांबला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून रिपोर्टांवर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "चहा पिणं वेगळं आणि त्याचा अर्क काढून भुकटी करून घेणं वेगळं," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला होतं. कुणाला होणार, ते आधी कळत नाही. आजपासून बंद करा. तुम्ही तरुण आहात, भरून येईल. दोन-तीन महिने लागतील."

"मग तेव्हा करू."

त्यांनी उत्तर मधलीकडे बघून दिलं. "तुमच्या दादांकडे तेवढा वेळ नाही."

"आणि आत्ता काढून घेतलं तर? मी सही करून देतो."

"सहीनं यकृत सुधारत नाही. असं काढलं तर टेबलावरून दोघंही उठणार नाहीत."

दुसरं कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो कधीच विचारून झाला होता. मधलीचा रक्तगट जुळत नव्हता, धाकटीचाही नाही. वहिनीला मधुमेह. आईचं वय झालेलं, दादाची मुलगी अजून शाळेत. आणि अनोळखी माणसाच्या मरणाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत दादाचं नाव होतं, पण ती यादी लांब होती.

उठताना मधलीनं विचारलं, "दादाला यानं काही झालं असेल का?"

"त्यांचं यकृत आधीच गेलेलं होतं. यानं घाई केली का, ते मला सांगता येणार नाही." डॉक्टरीणबाईंनी चष्मा परत घातला. "फायदा झाला नाही, एवढं सांगते."

जिन्यात बारक्या मधल्याच पायरीवर बसला. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते. मोटार उचलून उचलून त्याचे खांदे रुंद झाले होते, त्यामुळे जिना त्यानं अर्धा अडवला होता.

"आईला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"मग काय सांगणार आहेस?"

"दारू."

मधली त्याच्या शेजारी बसली.

"दुसरं काही कुणाला पटायचं नाही ताई. यकृताचं दुसरं कारण लोकांना माहीतच नाही. दादानं आयुष्यात थेंब घेतला नाही तरी त्याच्याबद्दल काय काय बोलले."

"म्हणूनच म्हणते. त्या बोलण्यावरून आई चार घरांशी भांडलीय. अप्पांच्या नंतर तू हे सांगितलंस तर ती तुझं तोंड बघणार नाही."

"नको बघू दे." त्यानं हातातली फाइल गुडघ्यांवर सरळ केली. "दादा जाणार, ताई. तो गेल्यावरही तिला जगायचंय. धाकटा पोरगा दारुडा निघाला, हे मनात धरून ती जगेल. शिव्या घालत का होईना, जगेल. पण हे मनात धरून नाही जगणार ती."

मधलीला त्यात खोट काढता येईना. बरणीवरची अक्षरं वाचली त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं होतं, "आई, डॉक्टरांना विचारलंस का हे?" आणि आई म्हणाली होती, "वनस्पतींचं आहे गं, त्यात काय विचारायचं?" मधलीनं पुढे वाद घातला नव्हता. दादाचं पोट फुगत चाललं होतं आणि आईच्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

"तू नुसती गप्प राहा," बारक्या म्हणाला. "बाकी मी बघतो."

तिनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांच्या घरात तेवढ्याला हो समजत.

घर वर आणि दुकान खाली. दुकान म्हणजे जळलेल्या मोटारींच्या पोटातली तांब्याची तार उपसून नवी भरून देण्याचं ठिकाण. पंख्यांच्या, पंपांच्या, गिरण्यांच्या मोटारी भिंतीलगत रांगेनं बसलेल्या, वार्निशचा वास भिंतींत मुरलेला. अप्पांनी सुरू केलेलं आणि जवळजवळ बुडवलेलं ते दुकान दादानं वर काढलं होतं. बारक्या तार गुंडाळायचं हँडल फिरवायचा आणि दादा वेढे मोजायचा, तोंडानं, एका सुरात. मोजता मोजता गिऱ्हाइकाशी बोलायचा, वहिनीला भाजी सांगायचा, आणि तरी आकडा चुकायचा नाही.

ती दोघं पोचली तेव्हा दादा दुकानातच होता. खुर्चीत उशा लावून बसलेला. हातपाय वाळून काटक्या झाले होते आणि पोट तेवढं पुढे आलं होतं. त्यानं डोळे वर केले, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ते आणखी पिवळे दिसले.

"या," तो म्हणाला. "दाता आला. बारक्या, ती पंपाची मोटार आज द्यायचीय. बस."

"दादा, आधी वर जाऊ या."

"वर काय पळून जातंय? बस."

बारक्या बसला. हँडल फिरायला लागलं आणि दादा मोजायला लागला. मधली दारात उभी राहून ऐकत होती. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. मग दादा थांबला. हँडल फिरतच होतं. दादाच्या ओठांची हालचाल झाली आणि तो म्हणाला, "बावीस. तेवीस."

बारक्यानं मान वर केली नाही. सडलेल्या यकृताला जे विष गाळता येत नाही ते मेंदूत चढतं आणि माणसाची गणती हरवते, हे मधलीला माहीत होतं. तिला आत्ता दिसलं ते एवढंच, की बारक्याचे ओठ मिटलेले असले तरी गळा हलत होता. तो आतल्या आत मोजत होता. हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. ठरलेल्या वेढ्यावर बारक्यानं हात थांबवला आणि म्हणाला, "बरोबर ना दादा? झाले ना?"

"झाले," दादा म्हणाला. समाधानानं म्हणाला.

मधलीला जिन्यातला बारक्या आठवला. खोटं बोलायला तो आज नव्यानं शिकत नव्हता.

वर सगळी वाटच बघत होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून, वहिनी टेबलाशी, धाकटी खिडकीत. दादाला बारक्या आणि मधलीनं धरून वर आणला आणि कोचावर बसवला. कुणी पाणी विचारलं नाही.

"काय म्हणाल्या बाई?" वहिनीनं विचारलं. "तारीख तीच ना?"

"तारीख रद्द झाली," बारक्या म्हणाला.

"पुढे ढकलली?"

"रद्द. माझं यकृत चालत नाही म्हणतात. सूज आलीय."

"असं कसं? तेव्हा तर चालत होतं." वहिनीचा आवाज अजून साधा होता, दुकानदारानं चुकून दुसरीच वस्तू दिली तर परत करताना लावतात तसा. "तेव्हा स्वतः म्हणाल्या ना, इतकं निरोगी यकृत बघायला मिळत नाही म्हणून?"

"तेव्हाचं तेव्हा. मधे मी..." त्यानं धाकटीकडे पाहिलं नाही. "मधे मी प्यायला लागलो."

धाकटी खिडकीतून उठली. "काय?"

"घाबरलो होतो. पोट फाडणार म्हटल्यावर झोप लागेना. दुकान बंद केल्यावर घ्यायचो थोडी."

धाकटीनं तोंड उघडलं. मधलीनं ते बघितलं आणि तिला कळलं, की ही आता सगळं उधळून लावणार. रोज शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याचा श्वास बायकोला माहीत असतो. बारक्यानं आता मान वळवून तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. धाकटीच्या चेहऱ्यावरून दोन-तीन गोष्टी सरकून गेल्या, त्यांतली एकही तिनं बोलून दाखवली नाही. ती परत बसली.

"मी सांगत होते त्यांना, नका घेऊ म्हणून," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?" वहिनीचा आवाज फाटला. "तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस? बसशीलच. तुझ्या नवऱ्याचं पोट शाबूत राहिलं. पहिल्या दिवसापासून तुझ्या मनात नव्हतंच."

"वहिनी, तिला काही बोलू नका," बारक्या म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका भावजी. द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. मी पाया पडले नव्हते तुमच्या. तुम्ही आपणहून आलात, 'वहिनी, रडू नका, अर्धं माझं त्याचंच आहे' म्हणालात. माझ्या पोरीसमोर म्हणालात. आता तिला काय सांगू मी? काकाला बाटली आवडली म्हणून सांगू?"

"असू दे गं," कोचावरून दादा म्हणाला.

"काय असू दे? मरताय तुम्ही."

हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच कुणी उच्चारला होता. वहिनी टेबलावर डोकं टेकून बसली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता.

आई बारक्याकडे बघत होती. अप्पा गेले त्या दिवशीही ती अशीच बसली होती, हात मांडीवर पालथे टाकून. मधलीला लहानपणच्या संध्याकाळी आठवल्या. अप्पा जिन्याच्या अगदी खालच्या पायरीवर असायचे, दार लावलेलं असायचं, चुलीवर फोडणी चाललेली असायची, आणि आई मधेच मान वर करून म्हणायची, "आत जाऊन झोपा रे पोरांनो." तिला वासानं कळायचं. कधीही चुकायचं नाही.

"ये इकडे," आई म्हणाली.

बारक्या जाऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"माझ्या पोटाला तू आलास," ती म्हणाली, "आणि तरी त्याचाच निघालास."

तो मान खाली घालून उभा राहिला. एवढा आडवातिडवा माणूस, आणि शाळेत मार खाऊन आल्यासारखा दिसत होता. मधलीला वाटलं, आपण आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही. मग वाटलं, बोलून काय मिळणार? दादाला तर काही मिळणार नव्हतं. जे मिळणार होतं ते सगळं आईला, आणि ते तिला उचलणार नव्हतं. ती जिथे होती तिथेच बसून राहिली.

जेवणाची वेळ झाली म्हणून कुणी उठलं नाही. उठली ती आई. स्वयंपाकघरात दिवा लागला, पाणी तापल्याचा आवाज आला, आणि मग तो टक्, टक् असा बारीक आवाज, कॅप्सूल उघडल्याचा. मधलीनं बारक्याकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं होतं.

आई ताटलीत पेले घेऊन बाहेर आली. सगळ्यांचे, नेहमीसारखे, हिरवट पिवळ्या पाण्यानं भरलेले. भांडण होवो, कुणाचा अबोला असो, या पेल्यांची वेळ टळत नसे. एकदा दादा आणि बारक्या तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते, तेव्हाही पेला हातात घेऊन एकमेकांसमोर बसले होते. आईनं पेले टेबलावर मांडले. मग आत जाऊन आणखी एक आणला आणि बारक्यासमोरच्या पेल्याला लावून ठेवला.

"तुझे दोन," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आजपासून तीन वेळा घ्यायचे. दारूनं बिघडवलंस ना? यानंच भरून येईल. भरून आलं की परत जाऊ आपण बाईंकडे. मी येते बरोबर. पाया पडते त्यांच्या."

"बरं," बारक्या म्हणाला.

त्यानं पेला उचलला. मधलीला वाटलं, तो नुसता हातात धरून बसेल, कुणाचं लक्ष नसताना मोरीत ओतेल. पण या घरात प्रत्येकाचं लक्ष प्रत्येकाच्या पेल्याकडे असे. तीच तर सगळी रीत होती. त्यानं पेला ओठांशी नेला आणि तिला दिसलं, की तो खरंच पिणार आहे. आज पिणार, उद्या पिणार, दिवसाला तीन वेळा पिणार, आणि हूं की चूं करणार नाही.

तिनं पेल्याच्या तोंडावर हात ठेवला. थोडं पाणी तिच्या बोटांवरून त्याच्या शर्टावर सांडलं.

"ताई, हात काढ," तो हळू आवाजात म्हणाला.

"नाही."

"ताई."

"तू गप्प राहा म्हणालास, राहिले. पण हे मी बघू शकत नाही."

"काय चाललंय?" आई म्हणाली. "पिऊ दे त्याला."

मधलीनं हात काढला नाही. ती नुसती हात ठेवून उभी राहिली आणि आई तिच्या हाताकडे बघत राहिली, मग बारक्याकडे, मग परत हाताकडे.

"जवळ ये," आई बारक्याला म्हणाली.

"कशाला?"

"ये म्हणते ना."

तो वाकला. आईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्या तोंडाजवळ आणला, तान्ह्या मुलाचा आणतात तसा, आणि श्वास घेतला. मग सोडलं.

"रोज दुकान बंद केल्यावर प्यायचास."

"हो."

"आणि मग वर येऊन माझ्याशेजारी जेवायला बसायचास."

त्यानं शर्टावर सांडलेलं पाणी हातानं पुसलं.

"अठ्ठावीस वर्षं काढली मी त्या माणसाबरोबर," आई म्हणाली. "मला वास कसा नाही आला?"

खिडकीत धाकटी रडायला लागली, आणि तिच्या रडण्यानं जे राहिलं होतं तेही सांगून टाकलं. वहिनीनं टेबलावरचं डोकं वर उचललं. समोर दोन पेले एकमेकांना लागून होते. त्यांतला दुसरा रोज दुपारी जिना उतरून बारक्याच्या हातात तीच नेऊन द्यायची. "भावजी, तुमचा डबल," असं चेष्टेनं म्हणायची. तिनं ते पेले हातानं लांब सरकवले, फार गरम असावेत तसे, आणि हात पदराला पुसत राहिली.

आई आत जाऊन बरणी घेऊन आली. दिव्याखाली धरली. अक्षरं बारीक होती आणि तिचा चष्मा जवळ नव्हता. तरी ती बरणी गोल गोल फिरवत राहिली.

"यानं?" तिनं मधलीला विचारलं. "तू शिकलेली आहेस. तू सांग. यानं?"

"आई, सगळ्यांना होत नाही. एखाद्याला..."

"यानं का, एवढंच सांग."

"हो," मधली म्हणाली.

"दोन दिले म्हणून?"

"ते सांगता येत नाही."

"मला सांगता येतं," आई म्हणाली.

बारक्या तिच्या पायांशी बसला होता. "आई, तू चांगल्यासाठीच..." तो म्हणायला लागला आणि आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गप्प करायला ठेवतात तसा. थोड्या वेळापूर्वी काय बोलली होती ते तिला आठवलं असावं, कारण तिची बोटं त्याच्या केसांत शिरली आणि तिथेच राहिली. पण तिचे डोळे कोचावर होते. दादावर.

दादाला किती कळलं होतं, सांगणं कठीण होतं. मधेच त्याची नजर विझल्यासारखी व्हायची आणि मधेच इतकी स्वच्छ व्हायची, की घरच्यांना नको नको वाटायचं. आत्ता ती स्वच्छ होती.

"माझा पेला कुठाय?" तो म्हणाला.

वहिनीनं त्याचा पेलाही लांब सरकवला.

"सगळ्यांचे आहेत, माझा कुठाय? दे गं आई. मला आता काय व्हायचंय त्यानं?"

आईनं टेबलावरचे सगळे पेले ताटलीत परत गोळा केले. आत नेले. मोरीत ओतल्याचा आवाज आला, मग नळाचा, बराच वेळ. ती परत आली तेव्हा पेले पुन्हा भरलेले होते आणि आतून पलीकडचं दिसत होतं. तिनं ते एकेकाच्या हातात दिले. वहिनीला, धाकटीला, मधलीला. बारक्याला एकच दिला. दादाचा पेला तिनं स्वतः त्याच्या ओठांना लावला.

सगळे प्यायले. नुसतं पाणी होतं.

दादानं घोट गिळला आणि नाक मुरडून, डोळे घट्ट मिटून, जीभ बाहेर काढली. लहानपणी तापात सगळ्यांनी जे तोंड करून त्याला हसवलं होतं, तेच. तो डोळे उघडून आळीपाळीनं प्रत्येकाकडे बघत राहिला, कोण हसतंय म्हणून.

आईनं त्याची हनुवटी पुसली. रिकामा पेला हातात घेऊन ती तशीच त्याच्यापुढे उभी राहिली.

"मग उद्यापासून," ती म्हणाली, "तुला काय देऊ रे मी?"